धाप फुप्फुसाची की गुठळीची? जुनाट श्वसनविकारात प्लेटलेट काय करतात

सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन कायमची धाप लागण्याचा जुनाट आजार, असलेल्या रुग्णाचा रक्ताचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते, मग पांढऱ्या पेशींवर आणि शेवटी प्लेटलेटवर. तो आकडा १.५ लाख ते ४.५ लाखांच्या दरम्यान असला की घरातले निश्चिंत होतात. डेंग्यूमुळे आपल्याला प्लेटलेटची एकच भीती ठाऊक झाली आहे, त्या कमी होण्याची. फुप्फुसांच्या जुनाट आजारात मात्र धोका बहुतेक वेळा उलट्या बाजूने येतो. प्लेटलेट पुरेशा असतात, आकडा नॉर्मल असतो, आणि तरीही त्या कारण नसताना एकमेकींना चिकटण्याच्या तयारीत असतात. ही तयारी नेहमीच्या रिपोर्टात दिसत नाही. म्हणूनच ती नीट समजून घ्यायला हवी, विशेषतः ज्यांच्या घरात सीओपीडी, फुप्फुसांचा फायब्रोसिस (फुप्फुसं वण पडून कडक होणं) किंवा ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचणं) यांचा रुग्ण आहे त्यांनी.

प्लेटलेट ही पूर्ण पेशी नसते. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात. त्यांचे तुकडे सुटून रक्तात येतात, त्या प्लेटलेट. आकार जेमतेम २ ते ३ मायक्रॉन, केंद्रक नाही, आयुष्य ७ ते १० दिवसांचं. निरोगी माणसाचं शरीर रोज सुमारे १०० अब्ज नव्या प्लेटलेट तयार करतं. जिउलिओ बिझोझेरो या इटालियन शास्त्रज्ञाने १८८२ साली त्यांचं रक्तस्राव थांबवण्यातलं काम दाखवून दिलं, आणि त्यानंतर बराच काळ त्यांच्याकडे तेवढ्याच एका कामासाठी पाहिलं गेलं.

फुप्फुसांशी त्यांचं नातं किती जवळचं आहे हे मात्र अलीकडे कळलं. २०१७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या संशोधकांनी जिवंत उंदरांच्या फुप्फुसांतलं रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. अस्थिमज्जेतून निघालेल्या मेगाकॅरिओसाइट फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत येऊन थांबत होत्या आणि तिथेच प्लेटलेट सोडत होत्या, तासाला एक कोटीहून जास्त. त्या उंदरांच्या एकूण प्लेटलेटपैकी जवळजवळ निम्म्या फुप्फुसांत तयार होत होत्या. हे प्रमाण माणसाला जसंच्या तसं लावता येणार नाही, पण माणसाच्या फुप्फुसांतही या मोठ्या पेशी सापडतात. शिवाय शरीराचं जवळपास सगळं रक्त, विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर, फुप्फुसांतून जातं. तिथे वर्षानुवर्षं दाह धुमसत असेल तर त्याची झळ प्रत्येक प्लेटलेटला लागणारच.

शांत प्लेटलेट आणि पेटलेली प्लेटलेट

शांत असताना प्लेटलेट गुळगुळीत चकतीसारखी असते आणि रक्तवाहिनीच्या भिंतीलगत वाहत राहते. भिंतीच्या आतलं अस्तर शाबूत असेल तर ती कुठेच चिकटत नाही, कारण ते अस्तर स्वतःच नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही तिला शांत ठेवणारी द्रव्यं सोडत असतं. अस्तर फाटलं की खालचं कोलॅजेन उघडं पडतं, प्लेटलेट तिथे अडकते आणि काही क्षणांत तिचं रूप पालटतं. चकतीला हातपाय फुटतात. तिच्या आतल्या सूक्ष्म पिशव्या रिकाम्या होतात आणि त्यांतली द्रव्यं इतर प्लेटलेटना बोलावून घेतात. फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन दोन प्लेटलेटमध्ये पूल बांधतं. त्याच वेळी प्लेटलेटच्या पृष्ठभागावर रक्त गोठवणारे इतर घटक कामाला लागतात, थ्रॉम्बिन तयार होतं, ते फायब्रिनोजेनचे फायब्रिनचे धागे करतं, आणि त्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकून गुठळी पक्की होते.

बोट कापलं तर हेच आपला जीव वाचवतं. जखम नसताना, रक्तवाहिनीच्या आत हे घडलं, की तोच उपकार अंगावर येतो.

प्लेटलेट शांत आहेत की पेटलेल्या, हे त्यांची संख्या सांगत नाही. २ लाख शांत प्लेटलेट आणि २ लाख पेटलेल्या प्लेटलेट रिपोर्टात अगदी सारख्या छापून येतात. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर पी-सिलेक्टिन हे प्रथिन आलं आहे का, किंवा त्या पांढऱ्या पेशींना चिकटल्या आहेत का, हे तपासून त्यांची अवस्था ओळखता येते, पण या चाचण्या मुख्यतः संशोधनासाठी होतात. रिपोर्टात एमपीव्ही, म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार, छापलेला असतो. सीओपीडीत त्याचा अर्थ लावण्याचे बरेच प्रयत्न झाले, निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आले. त्या एका आकड्यावरून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये.

जुनाट आजारात काय बिघडतं

रक्तवाहिनीत नको तिथे गुठळी का होते, याचं उत्तर जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रिसूत्रीत आजही सापडतं. त्यांचं याविषयीचं मुख्य लेखन १८५६ सालचं. भिंतीच्या अस्तराला इजा, रक्ताचा मंदावलेला प्रवाह आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली ओढ ही ती तीन सूत्रं. यांपैकी एक पुरेसं असतं. सीओपीडीच्या रुग्णात तिन्ही एकत्र नांदत असतात, आणि या सगळ्या विषयाची किल्ली मला इथेच दिसते.

अस्तराची इजा धुराने होते. सिगारेट असो, चुलीचा धूर असो की कामावरची धूळ आणि वाफा, श्वासातून आलेले कण आणि रसायनं फुप्फुसात दाह निर्माण करतात, तो रक्तात उतरतो आणि सर्व शरीरातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर हळूहळू निकामी करतो. प्लेटलेटना शांत ठेवणारी द्रव्यं मग कमी पडतात.

प्रवाह मंदावतो तो हालचाल कमी झाल्याने. चार पावलं टाकली की धाप लागते म्हणून माणूस खुर्चीत किंवा अंथरुणात बसून राहतो. पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा पायांतलं रक्त वर ढकललं जातं. ते स्नायू थंड पडले की रक्त शिरांत साचतं. आजार पुढे गेलेला असेल आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला असेल, तर हे साचणं आणखी वाढतं.

गोठण्याची ओढ अनेक वाटांनी येते. रक्तात प्राणवायू सतत कमी असेल तर मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडतात, तांबड्या पेशी वाढतात आणि रक्त दाट होतं. हिमोग्लोबिन १८ वर गेलं म्हणून काही रुग्ण खूश होतात. इथे ती ताकदीची खूण नाही, शरीर प्राणवायूसाठी झगडत असल्याची खूण आहे. प्राणवायूची कमतरता प्लेटलेटनाही चिथावते. दाहामुळे यकृत जास्त फायब्रिनोजेन बनवतं. सीओपीडीत रक्तातलं फायब्रिनोजेन पुढच्या धोक्याचं इतकं भरवशाचं चिन्ह ठरलं की अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१५ साली औषधांच्या चाचण्यांसाठी रुग्ण निवडताना ते वापरायला मान्यता दिली.

आणि स्वतः प्लेटलेट? स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की सीओपीडीच्या रुग्णांच्या रक्तात मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना चिकटलेल्या प्लेटलेट जास्त असतात, अगदी आजार स्थिर असतानाही. आजार बळावला की त्या आणखी वाढतात. असे जोडगोळे म्हणजे प्लेटलेट पेटल्याचा थेट पुरावा. शिवाय चिकटलेल्या प्लेटलेट पांढऱ्या पेशींना आणखी भडकवतात, म्हणजे दाहाने प्लेटलेट पेटतात आणि प्लेटलेटमुळे दाह वाढतो.

आजार बळावतो ते दिवस

जुनाट रुग्णाला वर्षभर सारखाच धोका नसतो. सर्दी-खोकला छातीत उतरतो, कफाचा रंग बदलतो, धाप वाढते, इन्हेलर पुरत नाही, ते दिवस सर्वांत जोखमीचे. संसर्ग, प्राणवायूची घट, अंथरुणात पडून राहणं, पाणी कमी जाणं, स्टेरॉइडचा डोस, सगळं एकाच आठवड्यात येतं.

हृदयविकाराचा धोका असलेल्या १६ हजारांहून अधिक सीओपीडी रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीतल्या नोंदी २०१८ साली तपासल्या गेल्या. आजार बळावल्यानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटनांचा धोका जवळजवळ चौपट झाला होता. रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांमध्ये तो सुमारे दहापट होता. ‘छातीचं इन्फेक्शन होतं, बरं झालं, घरी आणलं आणि पंधरा दिवसांत अटॅक आला’ ही हकिगत ऐकली की लोक नशिबाला दोष देतात. या दोन गोष्टींत दुवा आहे, आणि त्या दुव्यात प्लेटलेटचा मोठा हात आहे.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आजार बळावल्याने दाखल झालेल्या १,३४३ रुग्णांचा मागोवा घेतला होता. ज्यांच्या प्लेटलेट ४ लाखांच्या वर होत्या, त्यांच्यात रुग्णालयातले मृत्यू जास्त होते आणि वर्षभरातले मृत्यूही जास्त होते. म्हणजे आकडा अगदीच निरुपयोगी नाही, वाढलेला असेल तर तो दाहाची तीव्रता सांगतो. त्याच अभ्यासात आधीपासून ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांमध्ये वर्षभरातले मृत्यू कमी आढळले. हे वाक्य वाचून ॲस्पिरिनची गोळी सुरू करायची घाई करू नका, त्याचं कारण पुढे येतं.

फुप्फुसात अडकलेली गुठळी

पायांच्या खोल शिरांत झालेली गुठळी सुटून हृदयामार्गे फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते, त्याला पल्मनरी एम्बॉलिझम म्हणतात. निरोगी माणसाला अचानक धाप लागली तर डॉक्टरांच्या मनात हा विचार लगेच येतो. सीओपीडीच्या रुग्णाला धाप लागली तर सगळ्यांना वाटतं, नेहमीचाच त्रास. गुठळी इथेच लपून राहते.

फ्रान्समधल्या ७ रुग्णालयांत श्वास वाढल्याने दाखल झालेल्या ७४० सीओपीडी रुग्णांची ठरवून तपासणी झाली. निष्कर्ष २०२१ साली आले. ४४ जणांच्या, म्हणजे ५.९ टक्के रुग्णांच्या फुप्फुसात गुठळी सापडली. डॉक्टरांना आधीच शंका होती अशांमध्ये हे प्रमाण सुमारे दहात एक होतं, आणि शंका नव्हती त्यांच्यातही शंभरात तीन.

मग दाखल होणाऱ्या प्रत्येकाची तपासणी का करू नये? त्याच वर्षी स्पेनमधल्या १८ रुग्णालयांतल्या ७४६ रुग्णांवरच्या चाचणीने याचं उत्तर दिलं. निम्म्या रुग्णांमध्ये नेहमीच्या उपचारांसोबत गुठळीचा मुद्दाम शोध घेतला, उरलेल्यांवर फक्त नेहमीचे उपचार केले. ९० दिवसांनंतर दोन्ही गटांच्या परिणामांत फरक पडला नाही. सरसकट शोधून फायदा नाही, पण खुणा दिसत असताना दुर्लक्ष करणंही परवडणारं नाही. या दोहोंच्या मध्ये जो निर्णय आहे, त्यात घरच्यांचं निरीक्षण डॉक्टरांना फार उपयोगी पडतं.

काय पाहायचं? धाप वाढली, पण खोकला आणि कफ नेहमीइतकाच आहे, ताप नाही. धाप दोन-तीन दिवसांत हळूहळू न वाढता अचानक आली. छातीत एका बाजूला श्वास घेताना सुईसारखी कळ येते. थुंकीत रक्त दिसलं. एकच पाय सुजला, पोटरी दुखते किंवा गरम लागते. चक्कर येऊन माणूस कोसळला. नेब्युलायझर आणि औषधं देऊनही ऑक्सिजनची पातळी वर येत नाही. यांतलं काहीही दिसलं तर तातडीने रुग्णालय गाठा आणि ‘नेहमीचा त्रास असा नसतो’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. आधी कधी गुठळी झाली असेल, कर्करोग असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा रुग्ण काही दिवस अंथरुणाला खिळून असेल, तर तेही न विचारता सांगा. डॉक्टरांसाठी आणखी एक बारीक खूण असते. ज्या रुग्णाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड नेहमी साठलेला असतो, त्याचं प्रमाण अचानक उतरलं तर गुठळीचा संशय बळावतो.

डी-डायमर ही रक्ताची चाचणी गुठळी विरघळताना तयार होणारे तुकडे मोजते. संसर्ग, वाढतं वय, दाह यांमुळेही ती वाढते, म्हणून वाढलेल्या डी-डायमरवरून गुठळी आहेच असं म्हणता येत नाही. तिचा खरा उपयोग उलटा आहे. लक्षणांवरून शक्यता कमी वाटत असताना डी-डायमरही कमी आला, तर गुठळी नसल्याचं बऱ्याच खात्रीने सांगता येतं. पक्कं निदान मात्र शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या स्कॅनमध्ये उठून दिसाव्यात म्हणून दिलेलं द्रव्य, देऊन केलेल्या सीटी अँजिओग्राफीने होतं. मूत्रपिंडांचा आजार असेल तर या तपासणीआधी तो सांगायलाच हवा.

औषधं: कोणतं, कोणाला, का नाही

‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणून आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेटना चिकटण्यापासून रोखतात. हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांत रक्ताचा वेग जास्त असतो, तिथल्या गुठळीत प्लेटलेटचा वाटा मोठा, म्हणून तिथे ती उपयोगी. हेपॅरिन, वॉरफॅरिन, ॲपिक्सॅबॅन, रिव्हॅरोक्सॅबॅन ही औषधं फायब्रिनचं जाळं तयार होऊ देत नाहीत. पायांच्या शिरांतल्या आणि तिथून फुप्फुसात गेलेल्या गुठळीवर हीच लागतात. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

हृदयविकार, स्टेंट किंवा पक्षाघात झालेला असेल तर ॲस्पिरिन लागतंच. फक्त सीओपीडी आहे म्हणून मात्र ते देण्याची शिफारस नाही. वर सांगितलेला अभ्यास निरीक्षणाचा होता. औषध घेणारे आणि न घेणारे रुग्ण मुळातच इतर अनेक बाबतींत वेगळे असू शकतात, त्यामुळे फायदा गोळीचाच होता असं त्यावरून सिद्ध होत नाही. तर्काला पटणारं औषध प्रत्यक्षात उलटू शकतं, याचं एक कटू उदाहरण फुप्फुसांच्या फायब्रोसिसचं आहे. या आजारात गोठण्याची प्रक्रिया वाढलेली असते, म्हणून वॉरफॅरिनने आजाराची गती मंदावेल असं वाटलं होतं. अमेरिकेत १४५ रुग्णांवर चाचणी सुरू झाली आणि मध्येच थांबवावी लागली. वॉरफॅरिन घेणाऱ्या गटात १४ मृत्यू झाले होते, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या गटात ३. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं, आणि त्यानंतर वेगळं कारण नसताना फायब्रोसिससाठी वॉरफॅरिन देऊ नये हे पक्कं झालं.

श्वसनाच्या रुग्णाने आणखी काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. दम्याच्या काही रुग्णांना, विशेषतः नाकात पॉलिप (आतल्या अस्तराची मऊ वाढ) असलेल्यांना, ॲस्पिरिनने दम्याचा तीव्र झटका येतो. टिकॅग्रेलॉर या प्लेटलेटविरोधी औषधाने अनेकांना धाप लागल्यासारखं वाटतं. ते नव्याने सुरू झालं असेल आणि श्वास वाढला असेल तर डॉक्टरांना ही शक्यता बोलून दाखवा, पण स्टेंट असताना गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ब्रॉन्किएक्टेसिस किंवा जुन्या क्षयाच्या पोकळ्या असतील तर खोकल्यातून रक्त येण्याचा धोका आधीच असतो, तिथे ही सगळी औषधं जपून द्यावी लागतात. वॉरफॅरिन चालू असताना छातीच्या संसर्गासाठी अँटिबायोटिक सुरू झालं तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा, चढू शकतो, म्हणून तो लवकर तपासून घ्यावा. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकमुळे ॲपिक्सॅबॅन, रिव्हॅरोक्सॅबॅन या नव्या गोळ्यांचंही रक्तातलं प्रमाण वाढतं.

रुग्णालयात दाखल असताना विचारायचा एक प्रश्न मी प्रत्येकाला आवर्जून सांगेन: ‘गुठळी होऊ नये म्हणून काही सुरू केलं आहे का?’ वय ७० च्या पुढे, श्वसन निकामी होण्याच्या बेतात, संसर्ग आणि हालचाल बंद, असा रुग्ण असेल तर पोटाच्या कातडीखाली हेपॅरिनचं छोट्या डोसचं इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. रक्तस्रावाचा धोका असेल तर पायांवर हवेच्या दाबाचे पट्टे लावतात. झेपेल तितकं लवकर उठून बसणं आणि पावलं हलवणंही महत्त्वाचं.

हेपॅरिन सुरू केल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास प्लेटलेट अचानक निम्म्यावर आल्या, तर सावध व्हावं लागतं. क्वचित काही रुग्णांच्या शरीरात अशी प्रतिपिंडं तयार होतात की ती हेपॅरिनच्या निमित्ताने प्लेटलेटना पेटवतात. आकडा कोसळतो आणि त्याच वेळी गुठळ्या होतात. प्लेटलेट कमी म्हणजे फक्त रक्तस्रावाची भीती, हा समज इथे धोक्याचा ठरतो. अशा वेळी हेपॅरिन पूर्ण थांबवून वेगळं औषध द्यावं लागतं.

आकडा खोटाही असू शकतो. रक्ताच्या नमुन्याच्या नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट नळीतच गोळा होतात आणि यंत्र त्यांना मोजत नाही. काही त्रास नसताना आकडा फारच कमी आला तर काचपट्टीवर पाहून किंवा सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजून खात्री करतात. उलट, संसर्ग ओसरल्यावरही प्लेटलेट ४ लाखांच्या वरच राहिल्या तर ते तसंच सोडू नये. लोहाची कमतरता हे एक साधं कारण असतं. पण ब्रिटनमधल्या २०१७ सालच्या मोठ्या पाहणीत, प्लेटलेट वाढलेल्या ४० वर्षांवरच्या पुरुषांपैकी ११.६ टक्के आणि स्त्रियांपैकी ६.२ टक्के जणांना वर्षभरात कर्करोगाचं निदान झालं, आणि त्यांत फुप्फुसांचा व मोठ्या आतड्याचा कर्करोग जास्त आढळला. वर्षानुवर्षं धूम्रपान केलेल्या माणसाने म्हणून ही तपासणी टाळू नये.

धूम्रपान सोडणं, प्राणवायू सुचवला असेल तर तो सांगितलेले तास घेणं (बहुतेकांना दिवसाला निदान १५ तास सांगतात), फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घेणं आणि रोज चालणं, यांपैकी एकही ‘रक्त पातळ करण्याची’ गोष्ट म्हणून ओळखली जात नाही. तरी प्लेटलेट पेटवणाऱ्या कारणांवर यांचाच घाव सर्वांत खोल बसतो.

फुप्फुसात गुठळी सापडलीच, तर औषध किमान ३ महिने चालतं, काहींना त्याहून जास्त. बरं वाटलं म्हणून ते मध्येच सोडू नये. आणि ३ महिने नीट औषध घेऊनही धाप पूर्वीच्या पातळीवर आली नसेल, तर ती सीओपीडीच्या खात्यावर टाकून गप्प बसू नका. क्वचित जुनी गुठळी विरघळत नाही, तिची वण पडल्यासारखी टणक भिंत होते आणि फुप्फुसाच्या धमनीतला दाब चढत जातो. हा आजार वेगळा आहे, तो इकोकार्डिओग्राफी आणि फुप्फुसांच्या स्कॅनमधून शोधता येतो, आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेने ती गुठळी काढताही येते.